अठरावर थांबलेला आकडा

मधुकाका निमकरांनी एका रविवारी सकाळी आमच्या सगळ्या घराचा जीव घेतलाच होता, थोडक्यात वाचलो. हे मी रागाने लिहीत नाही. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या माझ्या दोन वर्षांत त्यांच्याइतकी माझी काळजी कुणीच केली नाही. पण पहिलं वाक्यही खरंच आहे. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असू शकतात, या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेले नाही.

मी नागपूरहून मृदाशास्त्र शिकायला तिकडे गेले ती २००२ साली. निमकरांचं जुनं लाकडी घर होतं. खाली ते, शैलाकाकू आणि त्यांची मुलगी ईशा राहायचे, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या ते मराठी मुलींना भाड्याने द्यायचे. काका युनिव्हर्सिटीच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्कशॉपमध्ये होते. फिजिक्सवाल्यांना जे काही मोजायचं असेल ते मोजणारं यंत्र काका बनवून द्यायचे. मी काय शिकायला आलेय हे ऐकल्यावर त्यांनी जाड भुवया वर केल्या आणि म्हणाले, "माती शिकायला इतक्या लांब? तिकडची संपली की काय?"

त्याच संध्याकाळी मी वरणाला फोडणी टाकली आणि छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही किंचाळायला लागला, की आता पोलीस येणार आणि मला परत पाठवणार याबद्दल माझी खात्रीच पटली. काका दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. अंगात लेंगा-बनियन, हातात स्क्रूड्रायव्हर. स्टुलावर चढून त्यांनी अलार्म खाली काढला, त्याची बॅटरी काढून घेतली आणि शांतपणे माझ्या पातेल्यात डोकावले.

"घाबरू नकोस नागपूर," ते म्हणाले. "यंत्र भित्रं आहे. मोहरी तडतडली की त्याला वाटतं, घर पेटलं."

मग वाटीभर वरण चाखून, "मीठ जास्त झालंय," एवढा अभिप्राय देऊन ते गेले. त्या दिवसापासून मी नागपूर झाले. माझी रूममेट रोहिणी सांगली होती. माझ्या आधी माझ्या खोलीत एक परभणी राहून गेली होती आणि काका तिची आठवण फार जिव्हाळ्याने काढायचे, पण तिचं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

यंत्र भित्रं आहे, हा काकांचा लाडका सिद्धांत होता. तिथल्या कंपन्यांना कोर्टाची धास्ती, म्हणून त्या यंत्रांना जरा काही झालं की रडायला शिकवतात, आणि आपण भारतात वाढलेली माणसं, आपण त्यांना समजून घ्यायचं, असं ते म्हणायचे. समजून घ्यायचं म्हणजे गप्प करायचं. आणि खरं सांगायचं तर हे आम्हा सगळ्यांनाच पटायचं, कारण आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरातला अलार्म आगीसाठी कधीच वाजला नव्हता. तो वाजायचा तो मिरच्या तळताना, पुरणपोळी जरा जास्त भाजली गेली तर, नाहीतर वांगं गॅसवर धरलं की. त्यामुळे गावातल्या सगळ्या मराठी घरांतून काकांना बोलावणं असायचं. नवं जोडपं राहायला आलं की आठवड्याभरात काका त्यांच्याकडे स्टूल मागत.

गणपतीला आम्ही एका चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचो. आरतीच्या कापराने तिथले अलार्म वाजू नयेत म्हणून काका दुपारीच जाऊन एकेका अलार्मला शॉवर कॅप घालून यायचे. त्या कॅप ते कॉन्फरन्सला जात त्या हॉटेलांतून जमवलेल्या असत. छताला लागलेल्या त्या फुगीर पांढऱ्या टोप्या बघून लहान पोरं हसायची, आणि आरती म्हणताना मोठ्यांचं लक्षही गणपतीऐवजी वरच असायचं. आरती संपली की काका सगळ्या कॅप काढून, घडी घालून, पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायचे.

ते अडाणीपणाने काही करत नसत, हे मला मुद्दाम सांगायचंय. शिकायला आलेल्या मुलांच्या जुन्या गाड्यांमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. काका आधी गाडी नीट ऐकायचे, बोनेट उघडून तास-तास आत डोकं घालून बसायचे. बोटाच्या पेराने एकेका भागावर टकटक करायचे, बाजारात कलिंगड बघावं तसं. मग कारण सांगायचे, आणि ते बरोबर असायचं. कारण किरकोळ आहे अशी खात्री झाली, की त्या दिव्यावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवायचे. "आता शांतपणे चालव," म्हणायचे. त्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं न्यू जर्सीला जाऊन तांदूळ आणि लोणची आणत राहिल्या. काका कधी चुकायचेच नाहीत, हीच पुढे अडचण झाली.

एकदा मला पोटाचा विकार झाला आणि पाणीसुद्धा पोटात ठरेना. बर्फ पडत होता, तरी काकांनी मला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं आणि दिवसभर माझ्या उशाशी बसून राहिले. सलाइनचं मशीन मधूनच पिंपिं करायचं. तिसऱ्यांदा ते वाजलं तेव्हा काका उठले, चष्मा वर केला आणि त्यांचं बोट बटणाकडे निघालं. नर्स दारातूनच ओरडली. काकांनी हात मागे घेतला, पण घरी येताना गाडीत ते सबंध रस्ताभर धुसफुसत होते. "अगं, नळीला पीळ पडला होता फक्त. मला दिसत होता. तिला उगाच घाई."

"मग पीळ सोडवायचा होता ना काका, बटण कशाला दाबत होतात?" मी विचारलं.

"आधी आवाज बंद करायचा, मग सुचतं," काका म्हणाले.

शैलाकाकू सोलापूरच्या. शाळेच्या कँटीनमध्ये काम करायच्या, कमी बोलायच्या, आणि घरभर नवऱ्याचे चहाचे कप शोधत फिरायच्या. काकांना उभ्याने चहा प्यायची सवय होती. जे उघडलेलं असेल त्यातच ते कप ठेवायचे. एकदा कप टीव्हीच्या पाठीमागच्या पोकळीत सापडला, एकदा ड्रायरमध्ये. काकू तो धुऊन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या काकांना साऱ्या गावाचं बिघडलेलं दिसतं, आपला कप दिसत नाही." त्यांचं माहेर होतं तिथे पाणी दिवसाआड यायचं. त्यामुळे नळ टपटपत असला की त्यांना घासही जात नसे. आमच्या बाथरूमचा नळ नीट बंद नसला तर त्या खालून ओळखायच्या आणि हाक मारायच्या.

ईशा तेव्हा चौदाची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तरं इंग्रजीत. तिला थंडी सोसायची नाही म्हणून काकांनी तिला घरातली सगळ्यात उबदार खोली दिली होती. ती खोली उबदार होती कारण तिच्या बरोबर खाली, बेसमेंटमध्ये, घर तापवणारा बॉयलर होता.

हा बॉयलर आधीच्या मालकाने बसवलेला. भिंतीला टांगलेला, गॅसवर चालणारा, समोर हिरव्या आकड्यांची छोटी पट्टी. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरून परत यायचं. आतल्या पाण्याचा दाब एक सेन्सर मोजायचा आणि आकडा पट्टीवर दिसायचा. बारा ते वीसच्या दरम्यान असला म्हणजे सगळं ठीक. तीसपर्यंत गेला तर एक वाल्व आपोआप उघडून जादा पाणी एका पाइपातून खाली सोडून द्यायचा. हे सगळं मला काकांनीच समजावून सांगितलं होतं, आमचं वॉशिंग मशीनही बेसमेंटमध्येच असल्यामुळे.

२००४च्या जानेवारीत, थंडी अगदी कडाक्याची असताना, तो बॉयलर बंद पडायला लागला. पिंपिं करायचा, पट्टीवर दाबाची तक्रार दाखवायचा आणि थांबायचा. काकांनी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर ठाण मांडलं. थंड असताना आकडा आठ-नऊवर असायचा. बॉयलर सुरू झाला की तोच आकडा बघता बघता तीसच्या जवळ जायचा.

"एवढ्याशा वेळात दाब असा कसा धावेल?" काका म्हणाले. "घरात काही बदललंय का? काही नाही. सेन्सर गेला."

त्यांनी नवा सेन्सर मागवून बसवला. तोही तसंच दाखवायला लागला. माझ्यासारखीने यावर म्हटलं असतं की दोन साक्षीदार एकच सांगतायत तर ते खरं असेल. काका म्हणाले, "लॉटच भित्रा दिसतोय."

मग त्यांनी वर्कशॉपमध्ये बसून एक राखाडी डबी बनवली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, दोन वायरी निघालेली, इतकी सुबक की विकत घेतलेली वाटावी. सेन्सरची वायर काढून त्यांनी तिथे ती डबी जोडली. ती डबी बॉयलरला दिवसरात्र एकच गोष्ट सांगायची, की दाब अठरा आहे. बॉयलर खूश. घर उबदार. काकूंनी त्या दिवशी शिरा केला आणि आम्ही सगळ्यांनी काकांचं कौतुक करत तो दोनदा घेतला. डबी काढून टाका असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

त्या वाल्वचा पाइप मात्र तेव्हा टपटपत होता. बेसमेंटच्या कोपऱ्यात, काकूंच्या तांदळाच्या पोत्यांच्या मागे. काकांनी तो पाहिला होता. जुनं वॉशर असेल, उन्हाळ्यात बघू, म्हणून त्यांनी खाली एक बादली सरकवली आणि विसरून गेले.

फेब्रुवारीतला तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. मी कपडे धुवायला खाली गेले होते. ईशा तांदूळ न्यायला आली. काकाही तिथेच कुणाचा तरी टोस्टर उघडून बसले होते, चहाचा कप हातातच. ईशा पातेलं काखेत धरून बॉयलरकडे बघत उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हा नीडल बघ. इट्स ऑल द वे अराउंड."

बॉयलरच्या खाली पाइपावर एक जुनी गोल तबकडी होती, काट्याची. तिला वायर नव्हती, वीज नव्हती, आणि म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नसे. तिचा काटा तांबडा भाग ओलांडून, अगदी शेवटच्या खिळ्याला टेकून उभा होता. वरच्या पट्टीवर हिरव्या आकड्यांत अठरा दिसत होतं.

काका हसले. "अडकलाय तो. जुना आहे." ते उठले आणि त्यांनी काचेवर पेराने टकटक केली. काटा हलला नाही. पुन्हा केली. नाही हलला.

"पण स्क्रीनवर नेहमी एटीनच का असतं? हॉट असू दे, कोल्ड असू दे. इट नेव्हर चेंजेस."

"अगं, ते मीच ठेवलंय तसं. नागपूर, तू ये इकडे, तुला दाखवतो," काका म्हणाले. मी ओले कपडे हातात घेऊन गेले. "हे बघा दोघी. दाब खरंच एवढा असता तर वाल्व उघडला असता. वाल्व उघडला असता तर त्या पाइपातून पाणी आलं असतं. येतंय का पाणी? बादली बघ. कोरडी ठणठणीत." त्यांनी तांदळाचं पोतं बाजूला ओढलं आणि पाइपाचं तोंड किती कोरडं आहे हे आम्हाला दाखवायला वाकून बोट लावलं.

बोट तिथेच थांबलं.

पाइपाच्या तोंडावर पितळेची टोपी बसवलेली होती. नवीकोरी, चकचकीत, घट्ट आवळलेली.

माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे काय होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काका सरळ उभे राहिले. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग त्या काट्याकडे, मग छताकडे. वर ईशाची खोली होती. आणि मग ते इतक्या हळू आवाजात बोलले, की मला आधी ते रागावलेत असं वाटलं.

"ईशा, पातेलं ठेव. वर जा. आईला घे, कोट घाला आणि बाहेर जा. नागपूर, सांगलीला बोलाव. पळू नका. पण लगेच."

"काका, काय झालं?"

"बाहेर."

जिन्याच्या तोंडाशी बॉयलर बंद करायचं लाल बटण होतं. ते त्यांनी बंद केलेलं मी ऐकलं. दुसऱ्या कशालाही त्यांनी हात लावला नाही, आणि काका एखाद्या यंत्राला हात न लावता निघाले हे बघून मी ओले कपडे जिन्यातच टाकले आणि रोहिणीला हाक मारली.

आम्ही बर्फात, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. रोहिणीचे केस ओले होते, डोक्याला टॉवेल होता. काकूंच्या हाताला कणीक लागली होती. काका शेवटी आले, कोट न घालता, पायात घरातल्या सपाता. काकूंनी आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, तर ती खाली पडली आणि त्यांना कळलंही नाही.

ते स्वतःशीच बोलायला लागले. "सेन्सर बरोबर होता. थंड असताना आठ, तापल्यावर तीस. बरोबर. पाणी तापलं की फुगतं. फुगायला जागा लागते. ती जागा कुठे असते? टाकीत. टाकीत एका बाजूला हवा असते, पाणी फुगलं की हवा दबते. हवा गेली. टाकीतलं रबर फाटलं असणार, टाकी पाण्याने भरली असणार. म्हणून दाब धावतो. म्हणून वाल्व टपटपत होता. वॉशर नाही, वॉशर नाही. वाल्व आपलं काम करत होता." घराकडे पाठ करून, बर्फाकडे बघत, त्या माणसाने पाच-दहा मिनिटांत सगळा बिघाड शोधून काढला. जानेवारीत खुर्ची टाकून बसून जे दिसलं नव्हतं, ते सगळं. मी थक्क होऊन ऐकत होते आणि त्याच वेळी मला त्यांची भयंकर चीड येत होती.

मग ते वळले. "पाइपाला टोपी कुणी लावली?"

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी."

"तू?"

"टपटपत होतं. तांदूळ भिजत होते. रोज बादली उपसत होते मी. तुम्ही उन्हाळ्यात बघू म्हणालात. हार्डवेअरच्या दुकानात गेले, माणसाला माप दाखवलं, त्याने दिली. आटे होते पाइपाला, बसली नीट." काकूंना अजून काही कळलं नव्हतं. उलट आवाजात जरासा अभिमान होता. "एक तरी गोष्ट या घरात मी दुरुस्त केली, असं वाटलं मला. काय झालं त्यात? तुम्हीच तर म्हणता, ही यंत्रं भित्री असतात."

बायकोवर ओरडायला त्यांना जागाच नव्हती, आणि ते त्यांना कळत होतं.

"शैला, ते पाणी बाहेर पडायचं एकच दार होतं," ते म्हणाले. "ते तू बंद केलंस. आणि दाब वाढला की बॉयलर स्वतःहून थांबतो. ते मी बंद केलं. आपण दोघांनी मिळून…"

काकूंनी कणकेचा हात तोंडावर ठेवला. मग ईशाकडे पाहिलं आणि तिला एकदम अशी जवळ ओढली, की ती ओरडली.

ईशाने आईचा हात सोडवला. ती रडत नव्हती. ती बापाकडे बघत होती, एखादं गणित चुकल्यावर शिक्षकाकडे बघावं तशी.

"म्हणजे ते सांगत होतं?" तिने विचारलं. मराठीत विचारलं, म्हणून मला ते अजून ऐकू येतं. "इट वॉज टेलिंग यू? द होल टाइम?"

"हो."

"अँड यू मेड इट से एटीन."

"हो."

"आणि माझी रूम वर आहे."

"हो, बाळा," काका म्हणाले. ते फुटपाथवरच बर्फात खाली बसले.

शेजाऱ्यांकडून फोन करून आम्ही बॉयलरचा माणूस बोलावला. तो दुपारी आला. घर एवढं गार झालं होतं की तोंडातून वाफ निघत होती, आणि काटा तोवर बराच उतरला होता. त्याने ती टोपी फिरवायला सुरुवात केली, तर थंड झालेलं पाणीसुद्धा असं जोरात उसळलं की समोरच्या भिंतीवर आपटलं. आम्ही सगळे जिन्यात दाटीवाटीने उभे राहून बघत होतो. टाकी काकांनी सांगितली तशीच निघाली, रबर फाटलेली, गच्च भरलेली. पाइपाच्या टोकाला आटे ठेवायचेच नसतात, कुणी टोपी लावू नये म्हणून, एवढं तो माणूस म्हणाला. मग त्याने काकांची राखाडी डबी काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि काकांच्या हातात दिली. या खोलीच्या वर कोण झोपतं, असं त्याने विचारलं. ईशाने हात वर केला. त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीच न बोलता मान खाली घातली आणि नवी टाकी आणायला गाडीकडे गेला.

त्याने निदान काही बोलायला हवं होतं, असं मला फार वाटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

नंतरच्या आठवड्यांत काका गावातल्या सगळ्या मराठी घरी पुन्हा जाऊन आले. स्टूल मागून एकेक अलार्म जागेवर बसवला, गाड्यांतल्या टेप काढल्या. लोक हसले. काय हो काका, आता तुम्हीही भित्रे झालात, असं एक जण म्हणाला. काका त्यावर हसले नाहीत. घरात त्यांनी पुन्हा कशालाच हात लावला नाही. माझा टेबललॅम्प लागेना म्हणून मी त्यांच्यासमोर ठेवला, तर म्हणाले, "दुसरा घे. जुन्या वस्तूंचा भरवसा नसतो." टोस्टर तसाच उघडा पडून होता, तो काकूंनी एके दिवशी टाकून दिला. चहा ते आता टेबलापाशी बसून प्यायला लागले. काकूंना कप शोधायला लागत नव्हता आणि मला ते बघवत नव्हतं. मला तो जुना, बेफिकीर, यंत्रांची टर उडवणारा काका परत हवा होता. आणि आम्हाला मारायला निघालेला काका तोच होता, हेही मला माहीत होतं. या दोन्हीचं मला काय करायचं ते आजही समजत नाही.

नवी टाकी आली, बॉयलर उत्तम चालायला लागला, तरी काकांनी ईशाला त्या खोलीत झोपू दिलं नाही. तिला वर, आमच्याकडे पाठवलं. ती पाय आपटत गाद्या घेऊन आली. "इट्स फिक्स्ड, बाबा. द गाय सेड इट्स फाइन," असं ती रोज सांगायची, आणि काका रोज मान डोलवायचे आणि काही बदलायचं नाही.

मे महिन्यात माझी डिग्री झाली आणि मॉरिसव्हिलला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी मैत्रिणीची व्हॅन यायची होती. मी किल्ली द्यायला खाली आले. बाहेर लख्ख ऊन होतं, घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. ईशाच्या रिकाम्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत, पलंग हलवल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत, काका जमिनीवर सतरंजी टाकून कुशीवर झोपले होते. एक हात सतरंजीच्या बाहेर होता, आणि तळवा लाकडी जमिनीवर उपडा टेकवलेला.

काकू स्वयंपाकघरातून माझ्यासाठी डबा घेऊन आल्या. "उठवू नको," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून तिथेच झोपतात. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"पण काकू, बॉयलर तर बंद आहे ना? एप्रिलपासून?"

"बंद आहे. सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या. "म्हणतात, माहीत आहे."